मे महिन्याची मोजणी

१८ फेब्रुवारी

किशोर,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही. मनात नसताना लिहायला मला जमत नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. तुझ्या भावोजींच्या फोनवरून लावला तर तोही उचलत नाहीस. पोस्टमनला बंद करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी पाठवलं नाही, कारण तुझी बायको मनाली कितीही गुणाची असली तरी माझं अक्षर ओळखते. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे. फाडण्याआधी जरा उलटसुलट करून बघ, आणि आधीच उघडलेलं वाटलं तर कळव. आपल्या पोस्टात हल्ली कोण कोण बसायला येतं ते मी बघून ठेवलं आहे.

आता कामाचं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. वरच्या माळावरच्या बंगलेवाल्यांना त्यांची एक बोअर पुरत नाही, त्यांना आणखी मारायच्या आहेत. पोहायचा तलाव बांधणार आहेत म्हणे. जूनमध्ये तालुक्याला सुनावणी आहे. मी पाणी समितीत असल्यामुळे त्यांचा अर्ज मला बघायला मिळाला. (समितीत बाईची जागा भरायची होती म्हणून मला घेतलं, आता घेणारे पस्तावतात.) अर्जाला एक कागद जोडला आहे. त्यात लिहिलंय की या गावातल्या सरकारी निरीक्षणाच्या विहिरीची उन्हाळ्यातली पातळी गेली तीन वर्षं चांगली आहे, घट दिसत नाही, सबब भूजलाला धोका नाही. खाली सही तुझी.

ती विहीर कुठली हे तुला सांगायला नको. आपल्या बाबांनी चार माणसं हाताशी घेऊन खणलेली, आपल्या अंगणातून दिसणारी. तुमच्या खात्याने ती मोजायला निवडली तेव्हा तूच मला समजावलं होतंस, की वर्षातून चारदा मोजायच्या अशा थोड्याच विहिरी असतात आणि त्यांच्यावरून सगळ्या पट्ट्याच्या पोटात पाणी किती आणि त्यातलं उपसायचं किती याचा हिशेब बसतो. मी तेव्हा आईला म्हटलं होतं, बाबांच्या विहिरीचं नाव झालं.

मग मला एवढं सांग. एप्रिल लागला की त्या विहिरीत खडक दिसतो. खालच्या आळीतल्या आम्ही सगळ्या बाया ओहोळात खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरतो. तुझ्या कागदावरची विहीर कुठल्या गावातली आहे?

ग्रामसभेत मी हेच विचारलं तर तू चारचौघांत म्हणालास, "ताई, आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात." आणि मी म्हटलं, मग या आकड्यांना बंगलेवाल्यांनी कुठला प्लॉट दिलाय ते सांग. तिथून आपलं बोलणं तुटलं. मी ते वाक्य मागे घेतलेलं नाही. ते खोटं असेल तर तू पुराव्याने खोटं पाड, नंबर बंद करून नाही.

देवकी


२१ मार्च

किशोर,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, दोन ओळी. "आकडे ऑफिसचे आहेत, माझे नाहीत. पाणी बंधाऱ्यामुळे वाढलंय, उशिरा झिरपतं म्हणून मे महिन्यात दिसतं." खाली नावसुद्धा नाही. तुझ्या भावोजींनी वाचलं आणि म्हणाले, हा मेव्हणा आहे का वीजमंडळ.

परवा तुमचा माणूस मार्चची मोजणी करायला आला होता. मी आधीपासून विहिरीवर जाऊन बसले होते. बिचाऱ्याने टेप सोडली, तर मी ती दुसऱ्या बाजूने धरली. म्हणाला, "बाई, मला मोजू द्या." मी म्हटलं, मोज की, मी फक्त बघते. त्याने जे लिहिलं ते खरं होतं. तळाशी गुडघाभर पाणी, तेवढंच लिहिलं. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, मे महिन्यात तू का येत नाहीस रे? तो म्हणाला, या गावची मे महिन्याची मोजणी साहेब स्वतः करतात, त्यांच्या आईचं गाव आहे ना.

हे मला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर निराळं लागलं. मार्चमध्ये नोकर मोजतो तेव्हा विहीर खाली गेलेली असते. मे महिन्यात साहेब मोजतो तेव्हा ती वर आलेली असते. मध्ये पाऊस नाही. बंधारा म्हणशील तर तो होळीला कोरडा पडला, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. उशिरा झिरपायला त्यात आधी पाणी पाहिजे ना? तू बांधून घेतलेल्या त्या बंधाऱ्याची पेपरातली बातमी आईने फ्रेम करून देवाशेजारी लावली आहे. रोज तिला हळदकुंकू लागतं. मला त्या बातमीकडे बघवत नाही.

आणखी एक. गावात माझ्या पाठीमागे काहीतरी चाललं आहे. वरच्या आळीतल्या बाया घोळक्याने बोलत असतात आणि मी पोचले की भाताच्या भावावर येतात. लहानीकाकीला विचारलं की मे महिन्यात विहिरीला पाणी येतं का गो? तर तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आला तं आला, नाय तं नाय. आमी भरतो." एवढी बोलकी बाई, आणि पाण्याचं नाव काढलं की मुकी होते. या सगळ्यांना वरून काहीतरी मिळतंय असा माझा संशय आहे. काय मिळतंय ते मी शोधून काढणार.

आईसुद्धा त्यांच्यातलीच. तिला तुझा फोन आला की ती गोठ्यात जाऊन बोलते. गोठ्यात म्हैस सोडून कुणी नाही आणि म्हशीपासून लपवण्यासारखं तिचं काही नाही, म्हणजे ती माझ्यापासूनच लपवते. शिवाय विठूचं येणं-जाणं वाढलंय. विठू म्हणजे आपल्या लांबच्या चुलत्याचा, बंगलेवाल्यांचा टँकर चालवतो तो. परवा त्याला आईने वालाच्या शेंगांची पिशवी भरून दिली. मी विचारलं, याला कशाला? तर म्हणाली, "पोरगा आपलाच हाय गो. कामाला येतो."

कुठल्या कामाला, ते सांगितलं नाही. तुला ठाऊक असेल.

देवकी


२७ एप्रिल

किशोर,

विहीर सुकली. आज सकाळी कळशी सोडली ती खडकावर ठण्णकन वाजून वर आली. खालच्या आळीने ओहोळातला खड्डा साफ केला. एक हंडा भरायला बसलं की पुढची बाई येऊन मागे बसते, आणि पाणी येईपर्यंत आम्ही एकमेकींच्या सुनांची निंदा करतो. तेवढीच करमणूक. भेंडीच्या वाफ्यांना पाणी सोडणं कधीच थांबलं. धसईच्या बाजाराला आम्ही या वर्षी विकायला नाही गेलो, विकत घ्यायला गेलो.

आता नीट वाच, कारण मला सापडलं आहे.

विहिरीच्या कठड्याचा एक कोपरा फुटलाय. गाडी लागल्यासारखा. तिथे दगडावर हिरवा रंग घासलेला आहे. आपल्या गावात हिरव्या रंगाचं वाहन एकच येतं, बंगलेवाल्यांचा टँकर. सरकारी टँकर आपल्याकडे येतच नाही. का येत नाही? तर तुझ्या कागदावर गावात पाणी आहे, म्हणून टंचाईच्या यादीत आपलं नाव बसत नाही. तहसीलला मी दोनदा जाऊन आले. तिथला कारकून मला तुझीच सही दाखवतो.

हिरवा रंग बघितल्यावर मला मागच्या मे महिन्यातली गोष्ट आठवली. मी लेकीच्या, कुणालीच्या बाळंतपणाला शेणव्याला गेले होते. परत आले त्या दिवशी आईकडे पाणी प्यायले, आणि ते कोमट लागलं. मी म्हटलं, उन्हात ठेवलंस का? तिने काहीतरी उत्तर दिलं. पण बाबांच्या विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यातसुद्धा दाताला लागतं. कोमट पाणी लोखंडी टाकीत उन्हातून आलेलं असतं.

तर झालं असं. तू मोजायला यायच्या आदल्या दिवशी वरचा टँकर येऊन आपल्या विहिरीत रिता होतो. दुसऱ्या दिवशी तू टेप सोडतोस, पाणी लागतं, तू लिहून घेतोस. गावाच्या नावावर भरपूर पाणी आणि वरच्यांना बोअरची वाट मोकळी. बाया गप्प, कारण त्यांना दोन दिवस घराशेजारी पाणी मिळतं. विठू गप्प, कारण नोकरी. डोकं बंगल्यांच्या मॅनेजरचं असणार. तो माणूस गावातल्या कुत्र्यालाही बिस्कीट घालून नमस्कार करतो, तेव्हाच मला तो आवडला नव्हता.

पण एक गोष्ट राहते. तू येणार ती तारीख मॅनेजरला कोण सांगतं? फळ्यावर ती लागत नाही. ऑफिसात तू ठरवतोस. म्हणजे ती फक्त तुला ठाऊक असते. आईलाही असते, तू फोन करून सांगतोस म्हणून. पण आईला मोजणी म्हणजे काय हे कुठे कळतं. तिला वाटतं तू विहिरीला भेटायला येतोस.

लहान असताना तू मला ओहोळाकाठी खडकातली भेग दाखवली होतीस, आठवतं का? म्हणालास, ताई, पाणी असं आतून चालत येतं, वरच्या माळावरून आपल्या विहिरीपर्यंत, कुणाला न दिसता. शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, तुझं तूच ओळखलं होतंस. त्या पोराने वरच्यांना विकलं जावं याचं मला रडू येतं. रागाने येतं, पण येतं.

या वर्षी मी टँकर पकडणार. फोनमध्ये चित्रण करणार आणि सुनावणीला सगळ्यांसमोर लावणार. त्यात तुझं नाव निघालं तर निघू दे. हे तुला आधी सांगते आहे, कारण पाठीमागून वार करणारी मी नाही.

देवकी


१५ मे, संध्याकाळ

किशोर,

तू दुपारी येऊन गेलास. मी वडाखाली उभी होते, तू बघितलंस आणि मान फिरवलीस. तू टेप सोडलीस, पाणी लागलं, लिहून घेतलंस. मग आईच्या ओट्यावर बसून जेवलास. ती पंख्याने वारा घालत होती. तू काहीतरी म्हणालास आणि ती हसली. मी तेवढं बघून घरी आले. तुझ्या गाडीच्या आडवी येऊन तुला थांबवायचं मनात होतं, पण नाही आले.

काल काय झालं ते आता सांगते. हे पत्र एकट्याने वाच.

तारीख मला लहानीकाकीच्या सुनेकडून कळली. ती सहज बोलून गेली, की उद्या किशोरभाऊ येणार, आज हंडे घासून ठेवायचे. म्हणजे वरच्या आळीला तारीख माहीत होती. मी जेवण झाल्याबरोबर जाऊन कण्हेरीमागे बसले. गावात सगळे दुपारचे पडलेले. थोड्या वेळाने हिरवा टँकर आला. विठूने तो मागे घेतला, पाईप विहिरीत सोडला आणि वाल्व फिरवला. मी फोन काढून चित्रण सुरू केलं. टँकरचा नंबर घेतला, विठूचं तोंड घेतलं, विहिरीत पडणारं पाणी घेतलं. चित्र चांगलं आलं.

आणि मग त्या चित्रात डावीकडून आई आली.

डोक्यावर पदर, हातात वालाची पिशवी. तिने विहिरीत वाकून बघितलं आणि विठूला म्हणाली, "आनखी एक खेप घाल रे बाबा. गेल्या सालापेक्षा कमी वाटतं." विठू म्हणाला, "काकी, मॅनेजरला कळला तं माझी नोकरी जाईल." तर ती त्याला म्हणते, "माझा किशोर येतोय ना उद्या. एवढी खेप घाल."

पुरावा गोळा करायला मी गेले, आणि पुराव्यात आई निघाली.

मी कण्हेरीतून बाहेर आले. विठू पाईप टाकून पळायच्या बेतात होता. आई मात्र जागची हलली नाही. मी विचारलं, हे काय चाललंय? कुणी सांगितलं तुला हे करायला? तिला माझा प्रश्नच कळेना. कुणी सांगायला कशाला पाहिजे, असं तिचं तोंड होतं. मग आम्ही दोघी कठड्यावर बसलो आणि तिने सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहिते, माझ्या शब्दांत ते पोचणार नाही.

"तुला ठावं नाय गो. तुमी तवा भेंडी घेऊन धसईला गेल्ता. किशोर पयल्यांदा सायेब होऊन आला, हातात ती टेप. मी बोंबलाचा कालवण केल्ता, तांदळाच्या भाकऱ्या. तो बावडीवर गेला नि बावडी सुकी. लहानी नि समद्या बाया त्याला गराडा घालून बोलल्या. सायेब झालास, मंग पानी दे. बापाची बावडी सुकली नि तू कागद रंगवतोस. माझा पोर खाली मान घालून घरात आला. ताटावं बसला नि उठला. भाकरीला हात नाय लावला. उपाशी गेला गो माझ्या दारातना. मी रातभर ताट तसाच ठेवला. पुढल्या साली त्याचा फोन आला, येतो म्हनून, तवा मी विठूला बोलले, त्याला खाली मान घालाया लागू नये एवढा पानी टाक. पानी बघून तो हसला. दोन भाकऱ्या जेवला. तवापासना दर साली टाकते."

मी विचारलं, बायांना माहीत होतं? तर म्हणाली, "समद्यांना. विठूची नोकरी जाईल म्हनून कोन बोलत नाय. नि तुला तं कोनीच सांगत नाय, तू भांडतेस."

किशोर, म्हणजे मॅनेजर नाही, प्लॉट नाही, कट नाही. मॅनेजरला यातलं काही ठाऊकच नाही, तो फुकटात जिंकतोय. विठू वरच्या बोअरचं पाणी चोरून खाली आणतो. आणि वरची बोअर कुणाचं पाणी ओढते ते तू मला खडकातल्या भेगेवर बोट ठेवून दाखवलं होतंस. बाबांच्या विहिरीकडे चालत येणारं पाणी ते मधेच उपसतात, आणि त्यातलंच थोडं आई वालाच्या शेंगा देऊन परत आणते, तुझ्या एका जेवणासाठी. आणि त्या जेवणाच्या दिवशी तू जे लिहितोस त्यावर त्यांना आणखी बोअर मिळणार आहेत.

मी आईला हे सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "उद्या मी कोंबडा कापनार हाय."

तुझ्यावर मी संशय घेतला तो चुकीच्या माणसावर होता. पण संशय चुकीचा नव्हता, हे तुला मानावं लागेल. आकड्यात खोट होती. आणि तुलाही ती दिसायला हवी होती. तू दगडाची परीक्षा करणारा माणूस. कोरड्या बंधाऱ्यातून भर मे महिन्यात पाणी झिरपतं हे तुला कसं पटलं? मला वाटतं, पटवून घ्यावंसं वाटलं. बंधारा तुझा होता. बातमी छापून आली होती. त्यात मी ग्रामसभेत तुला सगळ्यांसमोर बोलले, त्यानंतर तर तो खराच ठरायला हवा होता. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मीही मॅनेजरच्या बिस्किटांवरून त्याला चोर ठरवलाच की.

चित्रण माझ्या फोनमध्ये आहे. तुझ्या भावोजींशिवाय कुणाला दाखवलं नाही. सुनावणीत ते लावलं तर बोअर थांबतील हे मला कळतं. आणि साहेबाच्या आईनेच विहीर भरली हे तालुकाभर होईल, हेही कळतं. मग तुझी नोकरी राहील की नाही, आणि आई पुन्हा विहिरीवर जाईल की नाही, मला सांगता येत नाही. समितीत बसून गावच्या बाजूने बोलणं सोपं होतं, तोवर समोर आई नव्हती. मी दोन्हींकडून अडकले आहे आणि मला भीती वाटते.

म्हणून एक मागते. काल टाकलेलं पाणी दोन दिवसांत बाया भरून नेतील. त्यानंतर, सुनावणीच्या आत, तू परत ये. आईला फोन करू नकोस. विठूला नको, लहानीकाकीला नको, मलासुद्धा सांगू नकोस, कारण माझ्या तोंडावर कळतं. टेप घेऊन ये, आहे ते मोज, आणि पुढे काय लिहायचं ते तू ठरव. तू नाही आलास तर मला ठरवावं लागेल.

देवकी


३० मे

चि. किशोरास,

आशीर्वाद. हा मनापासून आहे, वर लिहिला आहे ते बघ.

तू काल अचानक आलास तेव्हा मी ओहोळावर होते. पोरं धावत सांगायला आली, साहेब विहिरीत वाकून उभा आहे. मी हंडा तसाच टाकून निघाले. सांडलेल्या पाण्यावरून तिथल्या बाया मला अजून बोलत आहेत. पोचले तेव्हा तुझी टेप खडकाला लागलेली होती. तू ती वर ओढलीस, टोक बोटांनी चाचपलंस, कोरडं. मग तू पुन्हा सोडलीस. तिसऱ्यांदा सोडलीस तेव्हा मला बघवेना. मी म्हटलं, बस कर. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "ताई, बंधाऱ्याचं पाणी विहिरीला कधीच लागलं नव्हतं का गं?" मी टेप तुझ्या हातातून घेऊन गुंडाळली. उत्तर तुला माहीत होतं.

लहानीकाकी आणि बाया जमल्या तेव्हा मी तुझ्या बाजूला येऊन उभी राहिले. म्हटलं, आता पुन्हा घेरणार. पण त्यांनी तुला वाट करून दिली. तू कागदावर "कोरडी" लिहिलंस आणि समितीच्या सह्या घेतल्यास. खाली तू स्वतःहून जी ओळ घातलीस, की मागच्या तीन उन्हाळ्यांत आणि या १५ मेला विहिरीत बाहेरचं पाणी होतं आणि ते माझ्या नजरेतून सुटलं, सबब ते आकडे धरू नयेत, ती मी दोनदा वाचली. आईचं नाव कुठेच नाही. दोष आपल्या अंगावर घेतलास. याचे ऑफिसात काय परिणाम होतील ते मला नीट माहीत नाही, पण होणार हे कळतं. सुनावणीचा निकाल काय लागेल तेही सांगता येत नाही. बंगलेवाल्यांचा वकील फार गोड बोलतो असं ऐकलं, म्हणजे सावध राहायला हवं. चित्रण मी फोनमधून काढून टाकलं. तुझ्या भावोजींना संशय आहे की मी कुठेतरी ठेवलं असेल. नाही ठेवलं.

आईचं सांगायचं राहिलं, त्यासाठीच खरं तर हे पत्र.

तू विहिरीवर वाकलेला दिसलास तेव्हा ती ओट्यावर उभी राहिली आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं. विठूला हाक मारायला निघाली होती, मी विहिरीकडे येताना तिला हाताला धरून बसवलं. मग तू ओट्यावर येऊन तिच्याशी बोलत बसलास. मी लांब उभी होते, मला ऐकू आलं नाही. रात्री तिनेच सांगितलं. "किशोर म्हंगाला, बावडी आजारी हाय. तू तिला पावडर लावून डाकतरम्होरं बसवलीस, मंग औषध कसा मिलंल?" एवढं सांगून ती पदराशी चाळा करत बसली. मला वाटलं, आता ही मनाला लावून घेणार, अन्न सोडणार, बाबांचं नाव काढून रडणार. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच बसले.

तर तिने मला विचारलं, "जेवला ना गो त्यो?"

घरात काही केलेलं नव्हतं. सुकटीची चटणी आणि सकाळची भाकरी, तीही वाळलेली. समोर विहीर सुकी. तू ती भाकरी मोडून खाल्लीस, आणखी मागितलीस, ताट पुसून घेतलंस. मी म्हटलं, जेवला, पोटभर जेवला, तूच तर वाढलंस.

"मंग ऱ्हाऊ दे बावडी सुकी," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

सकाळी तिने देवाशेजारची ती बातमीची फ्रेम उतरवली. मला वाटलं फेकते की काय. तिने काच पुसली आणि पुन्हा लावली, फक्त हळदकुंकू लावलं नाही. विठू आला होता, त्याला चहा दिला, शेंगा दिल्या नाहीत. मी हे सगळं बघत होते.

तिने तुला निरोप दिलाय, तो जसाच्या तसा पोचवते. "पुढल्या साली फोन करून ये म्हनावं. कोंबडा कापायचा तं आदल्या दिशी ठावं नको? बावडीत मी काय टाकनार नाय." देवाची शपथ घेतली आहे. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तू मात्र फोन करू नकोस.

तुझी ताई,
देवकी